चोवीस नंबरची वेल

"अरे थांबा! थांबवा ती करवत! झाड नाहीये ते... वेल आहे ती, वेल!"

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून इंगळ्या ओरडत होता, आणि खाली कंपाउंडमध्ये उभे असलेले आम्ही सगळे वर बघायचं सोडून एकमेकांकडे बघत होतो. कारण मधुकर इंगळे या माणसाचा चढलेला आवाज आमच्या बोरीवलीच्या सोसायटीने एकतीस वर्षांत ऐकलेला नव्हता. वार्षिक सभेत खुर्च्या उडाल्या होत्या तेव्हासुद्धा हा गृहस्थ कोपऱ्यात बसून एका उडालेल्या खुर्चीचा पाय ठोकून बसवत होता. त्यातून शेवटच्या दीड वर्षात फुप्फुसांनी त्याला पार पिळून काढलेलं. एक वाक्य बोलायचं तर मध्ये दोन थांबे. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं घुरघुरणारं मशीन. त्या माणसाने नळी काढून फेकली होती आणि गॅलरीचे गज धरून तो ओरडत होता. करवतवाल्याने मशीन बंद केलं, वर पाहिलं, आणि खोडावर पांढऱ्या ऑइलपेंटने काढलेल्या आकड्यावर बोट ठेवून अगदी शांतपणे म्हणाला, "काका, नंबर आहे ना हिच्यावर. चोवीस. यादीत आहे."

मी त्या खोडापासून हाताच्या अंतरावर उभा होतो. मी काही बोललो नाही. मी, म्हणजे साळवी, ज्याने सभेत पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये असा ठराव सोसायटीने एकमताने पास केलेला आहे.

त्यानंतर पाच आठवड्यांनी इंगळ्या गेला. मी त्याच्या बरोब्बर खाली राहायचो, पहिल्या मजल्यावर. त्याच्या मशीनची घुरघुर छतातून आमच्या घरात दीड वर्ष झिरपत होती. आम्ही तिच्यावरच झोपायचो आणि तिच्यावरच उठायचो. एका सकाळी चहा गाळताना ती थांबली. मला वाटलं लाइट गेले, म्हणून मी पंख्याकडे पाहिलं... पंखा फिरत होता. बातमी म्हणतात ती मला अशी कळली. फोन नाही, हाक नाही. वर जायला सतरा पायऱ्या आहेत, त्या चढताना मी मोजल्या. का मोजल्या, माहीत नाही. बहुधा तो मोजायचा म्हणून.

मोजणं हा त्याचा धंदाच होता. कांदिवलीला एक बिडाचा कारखाना होता, तिथे इंगळ्या पॅटर्नमेकर होता. म्हणजे लोखंडाची वस्तू ओतायची असेल तर तिचं आधी लाकडी रूप करावं लागतं, ते रेतीत दाबून साचा घेतात, आणि मग त्या साच्यात रस ओततात. हे लाकडी रूप करणारा तो पॅटर्नमेकर. आता गंमत अशी की तापलेला रस थंड होताना आकसतो. म्हणून लाकूड मुद्दाम थोडं मोठं करायचं. किती मोठं, ते धातूप्रमाणे ठरतं. आणि त्यासाठी या लोकांकडे एक वेगळी पोलादी पट्टी असते, जिच्यावरचा इंच हा आपल्या इंचापेक्षा कणभर लांब असतो. ती पट्टी इंगळ्याच्या खिशात पेनासारखी असायची. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हटलं, "इंगळ्या, ही तर खोटी पट्टी!" तो म्हणाला, "खोटी नाही. आकस धरून आहे." आणि मग मला न्याहाळत पुढे म्हणाला, "बिडाला आकस कमी. ॲल्युमिनियमला जास्त. साळव्याला निम्मं."

हे वाक्य सोसायटीत पसरायला एक दिवस लागला. तेव्हापासून मी काहीही सांगितलं की समोरचा विचारायचा, निम्मं सोडून किती? मी सांगायचो की आमच्या तरुणपणी नॅशनल पार्कातला बिबट्या रोज आमच्या बसस्टॉपवर येऊन रांगेत उभा राहायचा, आणि इंगळ्या नळावर हात धूत म्हणायचा, "म्हणजे मांजर. आणि रांगेत नव्हतं." मी औषधं विकत गावोगाव हिंडलेला माणूस. थापा हा माझ्या बॅगेतला सँपल माल होता, फुकट वाटायचा. पण या एका माणसासमोर प्रत्येक थाप परत मोजून मिळायची, तरी का कोण जाणे, पहिली थाप मी त्यालाच सांगायला जायचो. तो ऐकायचा पूर्ण. कापायचा नंतर.

ती वेल त्याने कारखान्यातून आणली. मॅनेजरच्या बंगल्याच्या कमानीवर ही वेल चढलेली होती. नीलमणी म्हणतात काही लोक, काही नुसतं पेट्रिया. तिचं पान हातात घेतलंत तर दचकाल. झाडाचं पान नव्हेच ते, मांजराची जीभ. एवढं खरखरीत की इंगळ्याच्या उस्तादाने त्याला शिकवलं होतं, लाकडावर शेवटचा हात फिरवायचा तो पॉलिश पेपरचा नाही, या पानाचा. सुकलेलं पान, आणि फक्त रेघेच्या दिशेने. पॉलिश पेपर ओरखडतो, हे पान समजूत काढतं, असं तो म्हणायचा, आणि इंगळ्याच्या तोंडून एवढं काव्य मी त्याआधी आणि त्यानंतर ऐकलं नाही. कारखाना बंद होणार हे कळल्यावर माणसांनी हाताला लागेल ते घरी न्यायला सुरुवात केली. कोणी पंखा, कोणी ड्रिल, एकाने तर (निम्मं सोडून) अख्खा लेथ नेला. इंगळ्याने वेलीची एक फांदी खाली वाकवून कुंडीत दाबली, आणि सहा महिने ती कुंडी तिथेच बंगल्याच्या पायरीशी ठेवली. शेवटच्या दिवशी कुंडी घेऊन चालत घरी आला.

ती आमच्या मागच्या भिंतीशी लावली. पहिली तीन वर्षं काही नाही. पानं यायची, जायची. मी रोज टोमणा मारायचो, "इंगळ्या, बंगल्यातली आहे ती, चाळीतल्या माणसांसमोर फुलायची नाही." तो म्हणायचा, "मुळं करतेय. वर दिसत नाही म्हणजे काही करत नाही असं नसतं." चौथ्या वर्षी जानेवारीत तिने सगळी पानं टाकली. एकूण एक. सेक्रेटरी म्हणाला मेली, काढा. इंगळ्याने खिशातून चाकू काढला, सालीवर नखाएवढी जागा खरवडली, आणि आतला हिरवा रंग सेक्रेटरीला दाखवला. "पानं टाकली म्हणजे मेली नाही. तयारी आहे ती." आणि फेब्रुवारीच्या शेवटी ती भिंत निळी झाली. जांभळी म्हणा, निळी म्हणा, वेगवेगळ्या घरांत यावरून भांडणं झाली. हातभर लांब लोंबते घोस, पान एकही नाही, नुसता रंग. मग ती जी सुटली... दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली, गच्चीला हात लावून आली. तिसऱ्या मजल्यावरच्या देसाईंनी तिच्यावर वाळत टाकलेला बनियन दोन दिवसांनी चौथ्या मजल्यावर सापडला. आमची बिल्डिंग तीनच मजली आहे.

त्या फुलाची एक खोड आहे, तीही इंगळ्यानेच दाखवली. फुलात दोन फुलं असतात. आतलं गडद, मखमली, ते तीन-चार दिवसांत टपकन पडतं. बाहेरची पाच फिकी पातळ पाती मात्र आठवडे न् आठवडे तशीच राहतात, आणि रस्त्यावरून जाणारा म्हणतो, वा, काय फुललीय! "फूल परवाच गेलं," इंगळ्या म्हणायचा. "हे जे दिसतंय ते त्याचं घर." शेवटी ती पातीसुद्धा सुटायची आणि भिरभिऱ्यासारखी गरगर फिरत खाली यायची. पोरं गच्चीवरून ओंजळी भरून सोडायची. त्या दिवसांत आमचं कॅरम तळमजल्यावर मीटरच्या खोलीबाहेर चालायचं, आणि बोर्डावर निळी भिरभिरी येऊन पडायची. बोर्डाला घासही त्याच वेलीच्या पानांचा. त्यावर स्ट्रायकर असा जायचा की मी सांगत होतो, एकदा आमचा स्ट्रायकर बोर्डावरून निघून दहिसरला सापडला. गुण मी लिहायचो, खडूने, भिंतीवर. माझा चार शाळेपासून बिघडलेला. खालची गाठ मी मारतच नाही; दोन काड्या एकमेकींवर आडव्या टाकून सोडून देतो. इंगळ्या दर वेळी चष्मा वर करायचा. "साळव्या, हा चार आहे की कात्री?" तीस वर्षं. दर रविवारी. तोच विनोद, त्याच आवाजात.

मग सोसायटी पाडायचं ठरलं. त्याचं रडगाणं मी गात नाही, बोरीवलीत आता प्रत्येक गल्लीत एक तरी बिल्डिंग हिरव्या जाळीत उभी असते. इंगळ्याची फुप्फुसं तोवर गेलेली होती. लाकडाचा भुसा आणि रेतीची धूळ, तीस वर्षांची, आत बसलेली. डॉक्टर म्हणाले यात मागे जाणं नाही, फक्त हळू पुढे जाणं आहे. त्याने ऐकून घेतलं आणि घरी येऊन पहिलं काय विचारलं असेल तर, "मागची भिंत कधी पडणार?" मी बिल्डरच्या माणसाकडून काढून आणलं: सगळ्यात शेवटी. दिवाळीनंतर. इंगळ्याने बोटांवर मोजलं. जूनमध्ये कलम दाबलं, तर दिवाळीला पाच महिने. "होईल," म्हणाला. "काठावर आहे, पण होईल."

वेलीचे शेंडे त्याच्या गॅलरीत आलेलेच होते. त्याने खुर्चीत बसून सांगितलं आणि मी केलं; माझ्या हातून आयुष्यात झालेलं ते एकमेव नाजूक काम. जून झालेली पण लवणारी फांदी निवडायची. पेराच्या खाली सालीला बोटभर तिरकी चीर द्यायची. "खोल नाही रे, दाढी करतोयस का?" मग तेवढी जागा कुंडीतल्या मातीत दाबायची, वर वीट ठेवायची, पुढचं टोक काठीला बांधायचं. फांदी तोडायची नाही. ती आईला जोडलेलीच राहते, आईचंच पाणी पिते, आणि मातीखालच्या त्या जखमेतून सावकाश स्वतःची मुळं सोडते. "घाई केली की गेलं," इंगळ्या म्हणाला. "स्वतःची मुळं नसताना तोडलं तर आठ दिवस हिरवं राहतं. लोकांना वाटतं जगलं." अशा तीन कुंड्या. तीन फांद्या गॅलरीच्या गजांतून आत आलेल्या, मातीत बुडून परत वर निघालेल्या. एक वैशालीसाठी, म्हणजे त्याच्या मुलीसाठी. एक नव्या बिल्डिंगच्या कंपाउंडसाठी. तिसरी कोणासाठी, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता यापुढचं मी मापात लिहितो आहे. यात आकस धरू नये.

बिल्डरने झाडं मोजायला माणूस पाठवला. पाडकामाआधी आवारातल्या झाडांवर नंबर टाकावे लागतात, कुठलं ठेवणार, कुठलं तोडणार, कुठलं दुसरीकडे नेऊन लावणार, हे ठरवायला. आंबा, नारळ, बदाम, एक उंबर असे तेवीस नंबर पडले. वेलीला नाही. इंगळ्याने मला खाली पाठवून विचारलं होतं, तर तो माणूस म्हणाला, वेली धरत नाहीत, फक्त झाडं. मी वर येऊन तणतणलो. "मांडीएवढं खोड आहे इंगळ्या, त्या सेक्रेटरीपेक्षा जाड आहे, आणि धरत नाहीत म्हणे!" तो म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. वेल झाड नाही. आणि धरत नाहीत तेच बरं, कोणाचं लक्ष जाणार नाही. दिवाळीपर्यंत गप राहा."

गप राहा. मला सांगितलं!

दुसऱ्या दिवशी यादी लिहिणारा वेगळाच माणूस येणार होता, नंबर वाचून वही भरायला. तो यायच्या आधी, दुपारी, सगळे जेवून आडवे झालेले असताना मी गेटच्या रंगातला उरलेला पांढरा डबा घेतला आणि वेलीच्या खोडावर लिहिलं: २४. माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतो. माझ्या डोक्यात असं होतं की नंबर पडला की सरकारी संरक्षण. हात लावायचा तर परवानगी. आणि माझ्या डोक्यात असंही होतं की दिवाळीला तिन्ही कलमं मुळं धरतील, आम्ही चहा पीत बसू, आणि मी सांगेन, इंगळ्या, तुझी वेल कोणी वाचवली माहीत आहे का? एकदा तरी मी सांगितलेली गोष्ट त्याच्या पट्टीवर पुरी उतरेल... यादीवाला आला. मी पेपरच्या आडून बघत होतो. त्याने खोडाला टेप लावली, वहीत लिहिलं, पुढे गेला. मी तीन वडापाव खाल्ले. हा आकडा खरा आहे.

सप्टेंबरमध्ये यादी मंजूर होऊन नोटीस बोर्डावर लागली. बरीचशी तोडायची, काही ठेवायची, पाच दुसरीकडे नेऊन लावायची. त्या पाचांत चोवीस नंबर. मी वाचलं आणि मला आनंद झाला. दुसरीकडे नेऊन लावणार, म्हणजे वाचली! ती यादी तिथे आठ दिवस होती. इंगळ्या खाली उतरत नव्हता. मी रोज वर चढत होतो. रोज त्याच्यासमोर बसून चहा पीत होतो, त्या तीन कुंड्यांच्या शेजारी, आणि पोटात गुपित दाबून गालात हसत होतो. वेल उपटायची तर आधी बुंध्याशी कापतात, आणि बुंध्याशी कापली की वर गॅलरीत तिचं पाणी पिणाऱ्या तिघी त्याच क्षणी तुटतात, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी एक शब्द बोललो असतो, तर त्याच्या लक्षात यायला एक सेकंद लागला असता.

म्हणून मी त्या सकाळी खोडापासून हातभर अंतरावर गप्प उभा होतो.

इंगळ्या खाली आला. वहिनी मागून "अहो, अहो" करत, हातात छोटा सिलिंडर. दोन मजले उतरायला त्याला किती वेळ लागला ते मी सांगत नाही. करवतवाल्यांनी तेवढ्यात तंबाखू मळून खाल्ली आणि थुंकूनही झाली. सुपरवायझर बरा माणूस होता. त्याने इंगळ्याला खुर्ची मागवली. इंगळ्या बसला नाही. "चूक झालीय," तो म्हणाला. "वेल आहे... यादीत येत नाही... तुमच्याच माणसाने सांगितलंय." सुपरवायझरने कागद चाळले. म्हणाला, "काका, पहिल्या दिवशीचे तेवीसच दिसतायत, खरं आहे तुमचं. हा नंबर आमच्या माणसाचा नसेल तर खोटा नंबर आहे. मग मी आत्ता काम थांबवतो. पण कोणी टाकला ते लिहून द्या. त्याच्यावर केस होणार, ते मी टाळू शकत नाही. उगाच थांबवलं म्हणून वर मला उत्तर द्यावं लागेल."

माझ्या कानात वहिनींच्या हातातल्या सिलिंडरचा फुसफुस आवाज. इंगळ्याने चष्मा वर केला. खोडाजवळ गेला, तळवा खोडावर ठेवला, आणि वाकून तो आकडा बघत राहिला. मला वाटलं, श्वास घेतोय. मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं, शब्द ओठांवर होता... पण मी तो लगेच बाहेर टाकला नाही, आणि तेवढ्यात इंगळ्या सरळ झाला.

"नंबर बरोबर आहे," तो म्हणाला. "माझीच चूक झाली. पाच मिनिटं द्या, वरच्या फांद्या मी माझ्या हाताने कापतो. मग चालू करा."

ज्या माणसाने आयुष्यात कधी चुकीच्या मापाला बरोबर म्हटलं नाही, तो हे म्हणाला. माझी समजूत अशी झाली की तो दमला. श्वास संपला, जोर संपला, सोडून दिलं. ही समजूत मला फार सोयीची होती. तो परत दोन मजले चढला. वरून चाकूचा आवाज येत नाही, पण एकेक फांदी सैल होऊन भिंतीवरून घसरली ती मी खालून मोजली. तीन. मग करवत सुरू झाली.

त्या पाच झाडांना दहिसरच्या पुढे एका रिकाम्या प्लॉटच्या कडेला नेऊन पुरलं होतं. पंधरा दिवसांनी मी बघायला गेलो. चार बुंधे गोणपाट गुंडाळून उभे होते आणि वेल आडवी होती, कारण वेलीला उभं राहायला कोणीतरी लागतं. माझा आकडा वर आलेला. मी नखाने साल खरवडली. तपकिरी. आणखी खाली खरवडली. तपकिरी. घरी येऊन वर गेलो. इंगळ्या बिछान्यात उशांना टेकून बसलेला, तीन कुंड्यांपैकी दोन वाळल्या होत्या, तिसरीची दोन पानं अजून होती. "बघून आलास?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "झकास आहे! कोंब फुटलेत."

"किती?"

"चार."

"चार?" तो म्हणाला, आणि हसायला लागला. खूप हसला. हसता हसता खोकला लागला, मशीन घुरघुरत राहिलं, वहिनी आतून धावत आल्या आणि माझ्यावर डाफरल्या, "भाऊजी, कशाला हसवता हो त्यांना!" मला वाटलं, निदान माझी शेवटची थाप तरी त्याला पावली. निम्मं सोडू का, हे त्याने त्या दिवशी विचारलं नाही.

तिसरीची ती दोन पानं पुढच्या आठवड्यात गळली. त्यानंतर दोन आठवड्यांनी तो.

गेल्या रविवारी मी वहिनींकडे गेलो. बिल्डिंग रिकामी झाली, त्या आता दहिसरला भाड्याच्या घरात आहेत, सातव्या मजल्यावर. खिडकीतून दुसऱ्या बिल्डिंगच्या खिडक्या दिसतात. इंगळ्याचा फोटो अजून भिंतीला लागलेला नाही, टेबलावर उभा आहे. खिडकीत ती तिसरी कुंडी होती. तिच्यात वीतभर उघडी काडी, आणि काडीला आधार म्हणून शेजारी त्याची ती पोलादी पट्टी खोचलेली, दोऱ्याने दोन ठिकाणी बांधलेली. गाठी त्याच्याच, सुताराच्या. काडी जिवंत आहे की नाही, विचारू नका. दिवस पानगळीचे आहेत, जी जिवंत असते तीही या दिवसांत अशीच दिसते. नखाने खरवडलं की कळेल. माझं नख दोनदा पुढे गेलं आणि दोनदा मागे आलं. माती ओली होती. वहिनी रोज पाणी घालतात.

त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि सुरुवात केली. नेहमीसारखी, लांबून, कारखान्यापासून. मग माझं मलाच ऐकवेना. म्हणून सगळं कापून टाकलं आणि म्हटलं, "वहिनी, तो चोवीस नंबर मी लिहिला होता. मी लिहिला नसता तर कोणी वेलीला हात लावला नसता. आणि त्या दिवशी खाली उभा राहून मी गप्प बसलो."

त्यांनी मेथीची एक काडी खुडली, पानं ताटात टाकली, देठ बाजूला ठेवला.

"माहीत होतं त्यांना," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी वर आले तेव्हाच म्हणाले, चोवीस नाही ते. दोन आणि कात्री आहे."